आत्याबाई गप्प का बसली

१

अकिरूचं बाळ भर दुपारी गेलं, आईच्या छातीवर. त्याच्या पायाला पट्ट्यानं जोडलेलं यंत्र शेजारच्या स्टुलावर हिरवा दिवा लावून गप्प बसलं होतं. बाळाचा श्वास अडला की बोंब मारायची, एवढ्या एका कामासाठी ते तिथे ठेवलेलं होतं.

एल्गन डोंगराच्या पायथ्याच्या त्या हॉस्पिटलात मी पोचले, तोवर गुन्हेगार ठरवूनही झाला होता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं नैरोबीहून निकाल धाडला होता: यंत्राच्या आत ‘आवाज बंद’ अशी नोंद आहे, म्हणजे ड्यूटीवरच्या सिस्टरनं कटकट नको म्हणून बटण दाबून आवाज बंद केला. सिस्टर चेलिमोला घरी बसवलं होतं. शुक्रवारी चौकशी होती, आणि पोलिसांची गाडी त्या दिवसासाठी आधीच सांगून ठेवलेली होती.

मी नंजाला. किटालेत माझं दुकान आहे. दुधाच्या टाक्या, पाण्याचे पंप, बोडाबोडा म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींचे मीटर, असल्या वस्तूंच्या पोटात जे चिमुकले कम्प्युटर असतात ते मी बनवते आणि दुरुस्त करते. नर्सेसच्या युनियननं मला बोलावलं, कारण मी यंत्र ओळखते आणि कोणाचं ऐकून घेत नाही. रागीट बाई म्हणून माझी ख्याती आहे, ती खोटी नाही. निकालाचा तो कागद वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी यंत्र विकलं त्यांनीच ते निर्दोष ठरवायचं, आणि आपण माना डोलवायच्या.

यंत्राला वॉर्डात सगळे ‘शांगाझी’ म्हणायचे, म्हणजे आत्याबाई. सारखी बोलते म्हणून. बाळाला छातीशी धरून बसलेल्या आईशी ती आईच्याच भाषेत बोलायची. भाषा लावली की आधी ‘ये आई, बैस’ म्हणायची. बाळाचा पाय गार पडलाय, पांघरूण नीट कर. बाळ श्वास घेत नाही, त्याला हलव, सिस्टरला हाक मार. ते ऐकून बायका हसायच्या, पण ऐकायच्या. खुर्ची एकच होती आणि आत्याबाई एकच, म्हणून आया पाळीपाळीनं बसायच्या.

त्या दिवशी पाळी अकिरूची होती, आणि आत्याबाईनं तोंडच उघडलं नाही.

२

चेलिमो घराच्या ओट्यावर मका सोलत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “युनियननं पाठवलं का तुला? चहा देते, पण रडणार नाही. ते काल झालं.”

“रडू नकोस. बोल. बटण दाबलंस?”

“मी?” तिनं कणीस टोपलीत टाकलं. “अख्ख्या वॉर्डात एकटी होते मी. माझे कान कोण होते, तर ती आत्याबाई. आपले कान आपणच कापून घेईन का गं मी?”

“मग त्या दुपारी काय झालं?”

“अकिरूला खुर्चीत बसवलं, भाषेचं बटण तुर्कानावर लावलं, आणि तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली. धावले. तिथे एकीचं बाळ अडलेलं. ते सुटलं, परत आले, तर...” ती थांबली. “सकाळी त्याच आत्याबाईनं एका बुकुसू बाईच्या बाळासाठी बोंब मारली होती. मी पळत आले, पोराला हलवलं, पोरगं जगलं. ते नाही कोणी लिहून घेतलं.”

म्हणजे सकाळी आवाज होता, दुपारी नव्हता. मधे खुर्चीला कोणी हात लावला नव्हता.

“कंपनीशी बोलणं झालं तुझं?”

चेलिमोचा चेहरा कडवट झाला. “त्यांचा मुख्य इंजिनिअर, मुरुंगा, त्याच दुपारी फोनवर आला. बाळ गेलंय म्हणून सांगितलं, तर पहिला प्रश्न काय विचारावा त्यानं? म्हणे, हल्ली तुमच्या वॉर्डात कुठकुठल्या जमातीच्या बाया येऊन गेल्या. बाळ अजून पांघरुणात होतं, नंजाला, आणि हा माणूस जमाती मोजतोय. निवडणुकीच्या दंगलीत जमाती बघून जाळलेली घरं पाहिलीत मी. असे प्रश्न कोण विचारतं ते मला माहीत आहे. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं.”

“आणि मग?”

“मग दुसरा प्रश्न. वीज शेवटची कधी गेली होती. मी म्हटलं, सौर बॅटऱ्या बसल्यापासून गेलेलीच नाही. तर एकदम गप्प झाला आणि फोन ठेवून दिला. ‘वाईट वाटलं’ एवढंसुद्धा म्हणाला नाही.”

मलाही त्या पहिल्या प्रश्नाचा संतापच आला. मुरुंगा आमच्याच बाजूचा, माझ्या मामांच्या गावाजवळचा; त्यानं असं विचारावं याची लाज वाटली. दुसऱ्या प्रश्नाकडे माझं नीट लक्षच गेलं नाही. रागाचं हेच वाईट असतं.

३

बॅटऱ्या बसवणारा तंत्रज्ञ मासिंदे छपराखाली भेटला. बॅटऱ्यांची पूजाच करायचा बाकी होता.

“मॅडम, पूर्वी इथे दिवसाआड अंधार. आता? बघा. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.”

“तू तारा ओढताना आत्याबाईची वायर ओढलीस का?”

“आलं का माझ्यावर?” तो उसळला. “हात लावला नाही मी. त्या बाईच्या पोटातली बॅटरी कधीच मेलीय. पूर्वी वीज गेली की मरायची, आली की उठायची आणि सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करायची. बायका वैतागायच्या. आता कशी अखंड चालूय, माझ्यामुळे.”

वायर तुटली असती तर सकाळची बोंब कशी ऐकू आली असती? मासिंदे सुटला. पण मग उरलं कोण? यंत्राची नोंद सांगत होती आवाज बंद, आणि चेलिमोवर माझा विश्वास होता. पण शुक्रवारी चौकशी समितीपुढे माझ्या विश्वासाला कोण विचारणार होतं?

अकिरू वॉर्डामागच्या झाडाखाली होती. तिची साक्ष कोणी घेतलीच नव्हती. दुभाषा नाही, असं कारण कागदावर होतं. चेलिमोनं तुर्कानांच्या मुलखात, लोडवारला वर्षानुवर्षं नोकरी केलेली, तिला तुर्काना अस्खलित येते. पण आरोपीला दुभाषी कसं करायचं, म्हणून प्रश्नच मिटवून टाकला. मी चेलिमोला सोबत घेऊन गेले. समितीला काय वाटेल त्याची मला पर्वा नव्हती.

अकिरू पोरसवदा होती. मण्यांच्या माळा तिनं काढून ठेवल्या होत्या. चेलिमोकडे बघत ती हळूहळू बोलली.

“ती डबी बाकीच्या बायांशी बोलायची. मी बसले तर बोलली नाही. मला वाटलं, तिला माझी भाषा येत नसेल. सिस्टर सोडली तर इथे कोणालाच येत नाही.”

“तू खुर्चीत बसताच ‘ये आई’ असं म्हणाली नाही?”

“काही नाही. मला बायांनी खुणांनी सांगितलं होतं, ती गप्प आहे म्हणजे बाळ ठीक आहे. मी गप्प बसून राहिले.”

चेलिमोनं हे मला सांगितलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मी विचारलं, “दिवा कुठला होता?”

“हिरवा. पानासारखा.”

मी उठलेच. बटण दाबून आवाज बंद केला की त्या यंत्रावर लाल दिवा लागतो, कोणीही विसरू नये म्हणून. हिरवा दिवा म्हणजे बटणाला कोणीही हात लावलेला नव्हता. आत्याबाई आपणहून मुकी झाली होती, आणि तीही बाळ संकटात येण्याच्या आधीच, अकिरू खुर्चीत बसली त्याच क्षणी.

मी खुर्चीच्या खोलीकडे धावले. मृत्यूनंतर ती बंद ठेवली होती, यंत्र तसंच चालू होतं. पोलिसांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

दार उघडं होतं. एक तरुण माणूस वाकून भिंतीतला प्लग उपटायच्या बेतात होता.

४

“हात काढ,” मी म्हटलं. माझा आवाज बहुधा डोंगरापलीकडे गेला असावा.

त्याचं नाव ओचोला, कंपनीचा प्रोग्रामर. भाषांचा सगळा भाग त्यानंच लिहिलेला होता. कंपनीनं त्याला यंत्र गुंडाळून आणायला धाडलं होतं.

“पुरावा पळवतोस?”

“मॅडम, मला जे सांगितलं ते करतोय. मुरुंगा सर म्हणाले, गेल्यागेल्या आधी यंत्र बंद करून परत चालू कर आणि मग पॅक कर.”

“पॅक करायचं यंत्र परत चालू कशाला करायचं?”

हा प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. हुशार पोरांचं असंच होतं, साहेबानं सांगितलं की डोकं खुंटीला.

मी त्याला बाहेर बाकावर बसवलं, तळलेली गोड मंदाझी आणि चहा आणला, आणि म्हटलं, “आता आत्याबाईचं पोट उघडून दाखव. सोप्या शब्दांत.”

“मेमरी अगदी थोडी आहे, मॅडम. स्वस्त पडावं म्हणून. सगळ्या भाषा एकदम मावत नाहीत. म्हणून प्रत्येक भाषेची वेगळी लायब्ररी केली, म्हणजे प्रोग्रामचा सुटा तुकडा. बोलणंही त्यातच आणि धोक्याची बोंबही त्यातच. बटण दाबलं की त्या भाषेचा तुकडा मेमरीत चढतो. दुसरी भाषा लावली की आधीचा उतरतो आणि नवा चढतो.”

“आणि नाही चढला तर?”

“तर आवाज नाही. नोंदीत ‘आवाज बंद’ असं पडतं.”

“बटण दाबून बंद केला तरी तेच शब्द पडतात?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “हो. तेच शब्द.”

एका बाईला तुरुंगात धाडणारी नोंद, आणि ती दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकाच नावानं हाक मारत होती. मी शिव्या दिल्या. त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

“पण न चढण्याचा प्रश्नच येत नाही,” ओचोला घाईनं म्हणाला. “जागा कायम रिकामी होते. उतरवायची ओळ मी स्वतः लिहिली आहे.”

“ती आजही आहे?”

त्यानं लॅपटॉप उघडला. हॉस्पिटलांना गेलेला प्रोग्राम त्यानं पहिल्यांदाच वाचायला घेतला. तयार झाल्यावर तो दुसऱ्याच कोणाच्या हातून बाहेर गेला होता. त्यानं ओळी वर-खाली सरकवून पाहिल्या. मग पडदा माझ्याकडे वळवला.

“माताटू बसमध्ये माणसं चढतायत,” तो पुटपुटला, “आणि उतरायचं दारच कोणीतरी काढून टाकलंय.”

वर लेखक म्हणून नाव होतं ओचोलाचं.

५

शुक्रवारी समितीला मी त्या खुर्चीच्या खोलीतच बसायला लावलं. यंत्र हलवता येणार नाही, प्लग निघाला तर पुरावा जाईल, असं मी अध्यक्ष डॉक्टर अदोंगोंना इतक्या वेळा सांगितलं की त्या कंटाळून हो म्हणाल्या. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. चेलिमो इस्त्रीच्या गणवेशात भिंतीला टेकून उभी होती. अकिरू कोपऱ्यात. मुरुंगा नैरोबीहून आला होता, बोटात गाडीची किल्ली फिरवत.

“डॉक्टर, हे नाटक कशासाठी? नोंद स्पष्ट आहे,” तो म्हणाला.

“बसा हो,” मी म्हटलं. “तुमच्याच आत्याबाई बोलणार आहेत.”

मी बुकुसूचं बटण दाबलं. आत्याबाईनं बुकुसूत स्वागत केलं. मग सबाओत. मग स्वाहिली, पोकोत, तेसो. सगळ्यांत ती गोड बोलली. मग तुर्काना दाबलं.

हिरवा दिवा, आणि खोलीत शांतता. अकिरूनं मान वर केली.

“आता प्लग काढ,” मी ओचोलाला म्हटलं. त्यानं काढला, परत लावला. आत्याबाई जागी झाली. पुन्हा तुर्काना दाबलं, आणि ती बोलली. ये आई, बैस, बाळाला छातीशी घे.

अकिरू चेलिमोला काहीतरी म्हणाली.

“वीज गेली की यंत्राची मेमरी धुऊन निघते,” मी समितीला सांगितलं. “पूर्वी इथे दिवसाआड वीज जायची, म्हणून हा रोग कोणाला दिसला नाही. नैरोबीच्या ऑफिसात तर यंत्रं संध्याकाळी बंद करून माणसं घरी जातात. इथे बॅटऱ्या आल्या, वीज जायची थांबली, आणि वापरलेली प्रत्येक भाषा आत तशीच बसून राहिली. एकच भाषा पुन्हा लावली तर नवी जागा लागत नाही, म्हणून सकाळी बुकुसू बाळासाठी बोंब ऐकू आली. जागा लागते ती नव्या भाषेला. शेवटी आली अकिरू, आणि तिच्या भाषेला जागाच उरली नव्हती. सिस्टरनं काही बंद केलेलं नाही. हा दिवा बघा. अकिरूनंही हाच पाहिला, पण तिला विचारायला तुम्हाला फुरसत झाली नाही.”

डॉक्टर अदोंगोंनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे प्रोग्राममध्ये चूक. कोणाची?”

मुरुंगा तयारच होता. “भाषांचा भाग ओचोलाचा. नावच आहे त्याचं. तरुण मुलगा, चुकला. आम्ही त्याला समज देऊ.”

ओचोला पांढराफटक पडला. “सर, मी ओळ लिहिली होती.”

“ती कोणी काढली हे एका फोनवरून कळतं,” मी म्हटलं. “बाळ गेलं त्या दुपारी या रोगाबद्दल जगात कोणालाच काही माहीत नव्हतं. मला नाही, सिस्टरला नाही, ओचोलाला तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत नाही. त्या दुपारी मुरुंगांनी सिस्टरला दोनच गोष्टी विचारल्या. वॉर्डात कुठल्या जमातीच्या बाया येऊन गेल्या, आणि वीज शेवटची कधी गेली. सिस्टरला वाटलं, हा जातीयवादी माणूस आहे. मलाही तेच वाटलं. पण त्यांना जमाती नको होत्या, त्यांना भाषा मोजायच्या होत्या.”

“ती सहज चौकशी होती,” मुरुंगा म्हणाला. किल्ली फिरायची थांबली होती.

“वीज गेली होती का, असं कोणीही विचारेल. शेवटची कधी गेली, असं तोच विचारतो ज्याला माहीत असतं की वीज गेली की यंत्र बरं होतं. शिवाय वीज गेलेली नाही हे ऐकून भल्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता. तुमची वाचा गेली. मग तुम्ही ओचोलाला धाडलं, आणि काय सांगितलं? गुंडाळण्याआधी बंद करून चालू कर. म्हणजे आतला सगळा पसारा धुऊन निघेल.”

ओचोला उठून उभा राहिला. “सर, देणगीदारांना दाखवताना यंत्र गोठलं होतं, आठवतं? शेवटचा शब्द संपायच्या आत भाषेचा तुकडा उतरत होता, म्हणून. मी म्हटलं होतं, बोलणं संपेपर्यंत थांबून मग उतरवायला हवं, थोडे दिवस द्या. दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात, झालं दुरुस्त. मी तुम्हाला हुशार समजलो. तुम्ही उतरवायची ओळच उडवलीत.”

मुरुंगा कोणाकडेच न बघता म्हणाला, “गोठणारं यंत्र कोणी घेतलं असतं का? कुठलंच हॉस्पिटल सुधारलं नसतं. इतक्या भाषा एका वॉर्डात, इतके दिवस वीज न जाता? या देशात? कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?”

“तुमच्या आलं होतं,” मी म्हटलं. “म्हणून तर फोनवर पहिलं तेच विचारलंत.”

६

आता सगळं झालं असं वाटलं ना? मलाही वाटलं.

डॉक्टर अदोंगोंनी घसा साफ केला. “समिती असं नोंदवेल की मृत्यू तांत्रिक बिघाडामुळे झाला. सिस्टर चेलिमोंचा प्रश्न पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर त्यांनी घरीच राहावं.”

“घरी का?” मी ओरडले. “तिनं काय केलंय?”

“नंजाला, आवाज खाली. कंपनीचं लेखी म्हणणं आल्याशिवाय मला जुना निष्कर्ष खोडता येत नाही.”

“लेखी पाठवतो,” मुरुंगा उठत म्हणाला. “वकिलांशी बोलून.”

वकिलांशी बोलून म्हणजे कधी, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. चेलिमोनं टोपी काढून हातात घेतली. तिची नोकरी, तिचं नाव, सगळं त्या माणसाच्या खिशात नैरोबीला चाललं होतं, आणि मला ओरडण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

मुरुंगा दाराशी पोचला आणि थबकला. उंबऱ्यात अकिरू बसली होती. चौकटीला पाठ लावून, पाय समोर पसरून. दाराची रुंदी तिच्या पायांनी भरून गेली होती.

पसरलेले पाय ओलांडायचे नाहीत, हे आमच्याकडे रांगतं पोर सोडलं तर सगळ्यांना कळतं. आणि या पायांच्या बाईनं नुकतंच बाळ पुरलं होतं. हवालदार बाहेरून आला, त्यानं पाहिलं, आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला.

“तिला उठायला सांगा,” मुरुंगा म्हणाला.

चेलिमोनं सांगितलं. अकिरू बोलली, चेलिमोनं ते आमच्यासाठी आमच्या भाषेत सांगितलं. आरोपी दुभाषी कशी, हे या वेळी कोणीच काढलं नाही.

“ती म्हणते, मघाशी डबी माझ्या भाषेत बोलली. म्हणजे तिला येत होती. मला कोणी सांगितलं नाही. आता या माणसानं सांगावं, डबी त्या दिवशी का बोलली नाही. माझ्यासमोर. मग मी पाय घेते.”

मुरुंगानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर अदोंगो आपल्या हातांकडे बघत होत्या. त्यानं खिडकीकडे पाहिलं, तिला गज होते. बाहेर आया जमल्या होत्या.

शेवटी तो बोलला. हळू, एकेक शब्द. ओळ मी काढली. सिस्टरनं आवाज बंद केलेला नव्हता. चेलिमो ते अकिरूला तिच्या भाषेत सांगत गेली, स्वतःच्याच सुटकेचं वाक्यसुद्धा. डॉक्टरांनी लिहून घेतलं, त्याच्यापुढे सरकवलं, त्यानं सही केली. जुना निष्कर्ष डॉक्टरांनी त्याच्यासमोर खोडला. चेलिमोनं टोपी परत डोक्यावर घातली.

“झालं?” मुरुंगा म्हणाला.

अकिरूनं एक पाय जवळ घेतला. दुसरा तसाच राहिला. ती काहीतरी म्हणाली.

“ती विचारते,” चेलिमो म्हणाली, “अशा डब्या अजून कुठे कुठे आहेत?”

मला ते विचारायचं सुचलंही नव्हतं, इतकी मी रागात बुडालेले होते. ओचोलानं मान खाली घातली. “पुष्कळ वॉर्डांत आहेत,” तो म्हणाला. “सगळ्या चालू आहेत.”

चेलिमोनं खिशातून आपला फोन काढला आणि मुरुंगाच्या हातात ठेवला. “बंद करून चालू करायला सांगायचं फक्त. रोज, दुरुस्ती होईपर्यंत. आणि का, तेही सांगायचं. एकेका वॉर्डाला.”

मुरुंगानं पुन्हा एकदा त्या पायाकडे पाहिलं. मग खुर्चीत बसला आणि पहिला नंबर लावला.